घरच्या संगणकातील व्हायरस : काढावा कसा, पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे

आपल्या गोंदिया जिल्ह्यात अनेक घरांत एकच संगणक असतो आणि सारे घर त्यावर अवलंबून असते. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीच्या दाखल्याची प्रत, लग्नाचे फोटो, सारे त्यातच. म्हणून व्हायरस लागणे म्हणजे केवळ यंत्र बिघडणे नव्हे. अर्जाच्या शेवटच्या दिवशी कागदपत्रे हातची जाणे होय. सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी मित्रांसाठी हा विषय आपण क्रमाने समजून घेऊ.

व्हायरस हा माणसानेच लिहिलेला प्रोग्राम असतो. आपल्याकडे त्याचे नेहमीचे वाहन म्हणजे पेन ड्राइव्ह. प्रिंट काढण्यासाठी तो झेरॉक्सच्या दुकानात जातो. तेथील संगणकाला दिवसभर अनेकांचे पेन ड्राइव्ह लागतात. घरी आल्यावर फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसू लागतात. अशा वेळी घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नये. मूळ फाइली बहुधा नष्ट झालेल्या नसतात, लपविलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक केल्यास मात्र व्हायरस चालू होतो.

काढण्याचा क्रम असा :

१) प्रथम इंटरनेट बंद करावे. त्या संगणकावर बँकेचा व्यवहार करू नये.

२) विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरने पूर्ण तपासणी करावी. नंतर त्यातीलच ‘ऑफलाइन स्कॅन’ करावे. चालू व्हायरस स्वतःला लपवू शकतो. ही तपासणी विंडोज सुरू होण्यापूर्वी होत असल्याने तो सापडण्याची शक्यता वाढते.

३) अनोळखी प्रोग्राम व ब्राउझरमधील अनोळखी एक्स्टेंशन काढून टाकावेत.

४) घरातील सर्व पेन ड्राइव्ह त्याच दिवशी तपासावेत. एक जरी राहिला तरी साफ केलेला संगणक पुन्हा बाधित होतो.

५) पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत.

इतके करूनही व्हायरस परतला, तर कागदपत्रांची प्रत काढून विंडोज नव्याने टाकणे हाच खात्रीचा मार्ग.

आता प्रतिबंध. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी अपडेट केले नव्हते ते सापडले. यावरून अपडेटचे महत्त्व कळते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात ठेवावे. चोरीचे सॉफ्टवेअर ‘ॲक्टिव्हेटर’ने चालविताना पुष्कळदा अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे चोराला आपणच दार उघडून देतो. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावी आणि काम झाल्यावर तो काढून ठेवावा.

केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने २०१७ पासून व्हायरस काढण्याची साधने विनामूल्य दिली आहेत. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

विद्यार्थी मित्रांनो, सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या कुटुंबातील कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. हे ज्ञान आपल्या आवाक्यातले आहे. ते शिकावे आणि शेजारच्या घरातील एक तरी संगणक स्वच्छ करून द्यावा.