लहान मुलांना गडावर नेताना

दिवाळी जवळ आली की अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो आणि तो करणारे पोर 'खरा गड कधी दाखवणार?' म्हणून घरच्यांच्या मागे लागते. दवाखान्यात खोकल्याचे औषध लिहून झाले की पालक उठता उठता विचारतात, "डॉक्टर, सुटीत याला वासोट्याला नेले तर चालेल ना?" मूल असते पाच वर्षांचे. या प्रश्नाचे उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून आज त्याविषयी.

मुलांनी डोंगर चढावा की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जरूर चढावा. भूक लागते, झोप चांगली लागते. प्रश्न एवढाच, की कोणता डोंगर? आपण निवडतो गडाच्या नावावरून. निवडायला हवा मुलाच्या पायांवरून.

पहिली गोष्ट वेळेची. मोठ्या माणसाला अर्धा तास लागतो तिथे मुलाला तास लागेल असे धरावे. मूल सरळ चालतच नाही. ते किडा बघते, काठी उचलते, खडे खिशात भरते. त्याला घाई करू नये, सहल त्याचीच आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला जाऊन-येऊन तासाभराची चाल पुरे, सहा ते आठ वर्षांच्या मुलाला दोन-अडीच तासांची. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे.

दुसरी गोष्ट परतीची. मूल अर्ध्या वाटेत आजारी पडले किंवा पाय मुरगळला, तर किती वेळात गाडीपाशी पोचता येईल? वासोट्याचे उदाहरण घ्या. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा, मग दाट जंगलातून खडी चढण. परत यायला पुन्हा तीच चढण उतरायची आणि पुन्हा लाँच. कॉलेजच्या मुलांसाठी उत्तम, बालवाडीतल्या मुलासाठी नाही. याउलट अजिंक्यतारा घ्या. दरवाजाजवळपर्यंत डांबरी रस्ता आहे, सकाळी फिरायला येणारी माणसे भेटतात आणि कुठूनही मागे फिरता येते. पहिला गड म्हणून मी साताऱ्यातल्या पालकांना तोच सुचवतो. त्यानंतर सज्जनगड. वाहनतळापासून वर बांधीव पायऱ्या आहेत, बरोबर आजी-आजोबा असले तरी बसत-उठत जाता येते, दुपारी मठात प्रसाद मिळतो. अगदी लहानग्यांना कासच्या बाजूला सपाटीवर चालवावे. तिथे सावली मात्र नाही, आणि फुले तुडवू नयेत हे मुलांना आधीच सांगावे.

मुलाला न्यायच्या आधी घरातल्या एका मोठ्या माणसाने ती वाट स्वतः चालून यावे, हे उत्तम. वाट दोन माणसे शेजारी-शेजारी चालतील एवढी रुंद आहे का, दरीच्या बाजूला कठडा आहे का, पायाखाली मुरूम घसरतो का, हे डोळ्यांनी बघावे. शिडी, दोर किंवा हाताने धरून चढायचा कातळ असेल तर तो गड मूल मोठे होईपर्यंत ठेवून द्यावा. पडून आलेली जी मुले मी तपासतो, त्यांतली बहुतेक चढताना नव्हे, उतरताना पडलेली असतात. उतरताना मांड्यांचे स्नायू थकतात, मूल पळत सुटते आणि तोंडावर आपटते. अशा वेळी एखादा हौशी मामा भाच्याला खांद्यावर घेतो. उतारावर तसे करू नये. मामा घसरला तर दोघे पडतात, आणि मूल जास्त उंचीवरून पडते.

पाण्याचा धोका मला सगळ्यांत मोठा वाटतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. वर डोंगरात पाऊस झाला की घोट्याएवढे पाणी पाहता पाहता कमरेएवढे होते. म्हणून पावसाळ्यात ओढ्यातली वाट नको. दिवाळीत ओढे उतरलेले असतात, पण गडावरची तळी आणि टाकी भरलेली असतात. काठ शेवाळलेला, खोली कळत नाही. तळ्याजवळ मुलाचे बोट नव्हे, मनगट धरावे. बोट निसटते.

आता साप-विंचू. पावसानंतर गवत वाढलेले असते आणि दगडाखाली फुरसे असू शकते. म्हणून दगड उलटायचा नाही, बिळात काठी घालायची नाही. साप चावल्यास चिरू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. हातपाय हलू न देता मुलाला उचलून थेट दवाखान्यात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. लाल विंचू चावल्यावर मुलाला घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर घरी थांबू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांसाठी प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले. पण औषध वेळेत मिळावे लागते.

कड्याला किंवा दरवाजाच्या कमानीला आग्या मोहोळ दिसले तर आरडाओरडा, धूर आणि अत्तर यांपासून लांब राहावे, आणि सरळ मागे फिरावे.

तयारी फार लागत नाही. चप्पल नको, घट्ट बसणारे जुने बूट चालतील. नवे बूट चावतात. आदल्या दिवशी पायाची नखे कापावीत, नाहीतर उतरताना बोटे बुटाला टोचतात. पाणी घरून न्यावे, टाक्यातले पिऊ नये. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट द्यावे, कारण मुलांचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते. केळे, राजगिऱ्याचा लाडू, पोळीची गुंडाळी पुरे. चार वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नयेत, चालताना तर मुळीच नाही. ठसका लागून दाणा श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतते. पहाटे निघून ऊन चढायच्या आत खाली यावे.

घरी आल्यावर आंघोळ घालताना काखा, जांघा आणि कानामागे नीट बघावे. गवतात बसलेल्या मुलाला पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला आणि अंगावर कुठे विडीच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली, तर तो स्क्रब टायफस असू शकतो. त्यावर औषध स्वस्त आणि गुणकारी आहे, पण ते लवकर सुरू करावे लागते. डॉक्टरांना तापाबरोबर सहलीचेही सांगावे. आपण सांगितल्याशिवाय त्यांना ते कळणार नाही.