गंज आणि ठिगळ

मुंबईच्या उपनगरांत पहाटेपासूनच मालाची ने-आण सुरू होते. अंधेरीजवळच्या वेसावे कोळीवाड्यातून बर्फात घातलेली मासळी निघते. घाटकोपर-मुलुंडकडे भाजी, धान्य, विटा आणि वाळू जाते. हे ओझे वाहणारी छोटी गाडी म्हणजे टेम्पो किंवा पिकअप. चालकाच्या पाठीमागे माल ठेवण्याचा जो उघडा लोखंडी भाग असतो, त्यास हौदा म्हणतात. इंजिन कितीही दणकट असले, तरी हौदा धड नसेल तर गाडी माल वाहू शकत नाही. या हौद्याला एक छुपा वैरी रात्रंदिवस पोखरीत असतो. तो वैरी म्हणजे गंज.

लोखंड खाणीत बहुधा शुद्ध स्वरूपात सापडत नाही. तेथे ते प्राणवायूशी संयोग पावलेले असते. भट्टीत प्रखर उष्णता देऊन व कोळशाच्या साहाय्याने हा संयोग मोडावा लागतो. परंतु पाणी आणि हवा ही दोन्ही एकत्र मिळाली, की लोखंड पुन्हा प्राणवायूशी संयोग पावू लागते. जणू ते आपल्या मूळ घरी परत जाण्याची वाटच पाहत असते! या संयोगातून जी तांबूस, ठिसूळ भुकटी तयार होते, तोच गंज. ॲल्युमिनियमवरही प्राणवायूचा असाच थर जमतो. पण तो घट्ट बसतो व आतल्या धातूचे रक्षण करतो. गंजाचा थर मात्र सच्छिद्र असतो. त्यातून पाणी आत झिरपते आणि आतले लोखंडही गंजू लागते. शिवाय गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली तो वाढू लागला, की रंगाला फोड येतात.

दिल्लीत मेहरौली येथे सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा एक लोहस्तंभ उभा आहे. तो ७ मीटरांहून उंच असून आजही भक्कम आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचा अंश अधिक असल्यामुळे त्यावर एक संरक्षक थर जमला आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. टेम्पोच्या पातळ पत्र्याला हे भाग्य लाभलेले नाही. त्यातून मुंबईला समुद्राचा शेजार. येथील हवा दमट व खारी असते आणि जून ते सप्टेंबर पावसाची झड लागते. मीठ विरघळलेल्या पाण्यातून विद्युत्प्रवाह सहज वाहतो, आणि गंजण्याची क्रिया विद्युत्-रासायनिक असल्यामुळे ती झपाट्याने होते. मासळीच्या टोपल्यांतून ठिबकणारे खारे पाणी म्हणूनच साध्या पाण्यापेक्षा अधिक घातक ठरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतील असंख्य वाहने पाण्यात बुडाली. अशा वेळी पाणी ओसरते. पण पत्र्याच्या घड्यांत बसलेला चिखल ओल धरून ठेवतो, आणि गंजाचे काम चालूच राहते.

हौद्यात गंज कोठे प्रथम धरतो? जेथे पाणी साचते तेथे: कोपऱ्यांत, सांध्यांत, बोल्टांभोवती आणि तळाशी अंथरलेल्या रबरी चटईखाली. पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे पालापाचोळ्याने बुजली, तर सारा हौदाच ओला राहतो. काही वर्षांनी तळाला एक बोटभर भोक दिसू लागते. मालकाला वाटते, एवढेसे तर भोक! परंतु दिसते तसे नसते. भोक पडले म्हणजे तेथला पत्रा खाऊन संपला. आणि त्याच्या भोवतालचाही पत्रा आतून कागदासारखा पातळ झालेला असतो.

येथेच मालकाची परीक्षा होते. गाडी दोन दिवस उभी राहिली, तर दोन दिवसांची कमाई बुडते. तेव्हा भोकावर लांबी फासावी, वरून रंग द्यावा आणि गाडी रस्त्यावर काढावी, असा मोह त्याला होतो. लांबीने पत्र्याचा पोचा भरून निघतो हे खरे. पण ती भार पेलू शकत नाही. एखादा हमाल पोते खांद्यावर घेऊन त्या जागी उभा राहिला आणि तळ खचला, तर त्याचा पाय मोडण्यास वेळ लागणार नाही. रंगाने गंज झाकतो. तो थांबत नाही.

जाणता कारागीर निराळ्या रीतीने काम करतो. प्रथम तो हौदा रिकामा करून धुतो व वाळवतो. मग हातोडीने पत्रा ठोकून पाहतो. शाबूत पत्रा खणखणतो. गंजलेल्या पत्र्याचा आवाज बद्द येतो. त्यानंतर तो गाडीखाली शिरून तळाला आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या तपासतो. आधारच कुजला असेल, तर वरचे ठिगळ व्यर्थ होय. म्हणून आधी तो दुरुस्त करावा लागतो.

यानंतरची कृती पाहणाऱ्यास चमत्कारिक वाटते. भोक बुजवायचे, तर कारागीर ते आधी मोठे करतो! शाबूत, चकाकणारे लोखंड लागेपर्यंत तो गंजलेला भाग कापून काढतो. मग तेवढ्याच जाडीच्या नव्या पत्र्याचे ठिगळ कापून तेथे बसवितो. वेल्डिंग करण्यापूर्वी तो बॅटरीची तार सोडवितो, जवळपास इंधन किंवा चिंध्या नाहीत ना हे पाहतो आणि वाळूची बादली हाताशी ठेवतो. ठिगळाची कड तो एका दमात जोडीत नाही. शिंप्याने कच्चे टाके घालावेत, तसे तो एक टाका या बाजूस, एक त्या बाजूस घालतो. कारण एकाच जागी उष्णता साचली तर पत्रा वाकतो. सांधा पुरा झाल्यावर तो घासून साफ करतो व त्यावर रेड ऑक्साइडचा हात देतो. मौज अशी, की या रंगातील लाल पूड लोखंड व प्राणवायू यांच्या संयोगातूनच बनलेली असते. तिचे आणखी गंजणे शक्य नसते. वेल्डिंगच्या उष्णतेने तळाखालचा रंगही जळतो. म्हणून तो खालूनही रंग देतो. ती बाजू कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पण पाणी तेथे अवश्य पोहोचते.

अशी दुरुस्ती वारंवार करावी लागू नये, यासाठी महागडे उपाय लागत नाहीत. खारा माल वाहिल्यावर हौदा गोड्या पाण्याने धुवावा, छिद्रे मोकळी ठेवावी, चटई उचलून तळ वाळू द्यावा आणि रंगाला फोड दिसताच तो खरवडून पाहावा. फोड आला तेव्हाच हात घातला, तर काम घटकाभराचे असते. भोक पडेपर्यंत थांबले, तर पत्रा कापावा लागतो.

स्वाध्याय

१. गंज निर्माण होण्यास कोणत्या दोन गोष्टी लागतात?
२. मुंबईत लोखंड लवकर का गंजते?
३. कारागीर भोक बुजविण्यापूर्वी ते मोठे का करतो?
४. दोन खिळे घ्या. एक साध्या पाण्यात व दुसरा मिठाच्या पाण्यात अर्धवट बुडवून आठवडाभर ठेवा. रोज निरीक्षण करून वहीत नोंद करा.
५. ‘रंगाने गंज झाकतो, तो थांबत नाही.’ हे वाक्य माणसाच्या सवयींना कसे लागू पडते, ते आठ-दहा ओळींत लिहा.