समुद्र निळा का, असं मूल विचारतं तेव्हा

पालकहो,

समुद्र निळा का दिसतो, असं मुलाने विचारलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर येतं: आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून. मूल गप्प होतं आणि आपण कामाला लागतो. मला आज तुमच्याशी बोलायचंय ते या गप्प होण्याबद्दल.

हे उत्तर काही ऐरंगैरं नव्हे. आकाश निळं का, याचा उलगडा करणारे लॉर्ड रॅले समुद्राबद्दल हेच म्हणत होते, आणि त्यांना 1904 चं नोबेल मिळालेलं होतं. 1921 मध्ये कलकत्त्याचे एक प्राध्यापक, चंद्रशेखर वेंकट रामन, बोटीने युरोपातून परतत होते. वय 32. भूमध्य समुद्राचं ते गडद निळं पाणी पाहून त्यांना रॅलेंचं म्हणणं पटेना. पण ‘पटत नाही’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. निळाई जर प्रतिबिंबाची असेल, तर प्रतिबिंब पुसलं की तीही जायला हवी, असा त्यांनी विचार केला. पाण्याकडे एका ठरावीक कोनातून पाहिलं, तर पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश निकोल प्रिझम नावाच्या छोट्या उपकरणाने अडवता येतो. रामन यांनी तसं पाहिलं. आकाशाची चकाकी गेली, निळाई मात्र राहिली, उलट अधिकच खुलली. ‘नारकुंडा’ बोट मुंबई बंदरात आली तेव्हा, 26 सप्टेंबरला, त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकासाठी लिहिलेलं पत्र तयार होतं.

दर 28 फेब्रुवारीला शाळाशाळांत रामन यांच्यावर भाषणं होतात. मुलांना त्यांचं नोबेल पाठ असतं, ही बोटीवरची खटपट मात्र ठाऊक नसते. मला ती जास्त मोलाची वाटते, कारण तिच्यात विज्ञानाची सगळी रीत आहे. कारण सांगायचं, त्या कारणावरून पुढे काय घडायला हवं ते ठरवायचं आणि मग तसं घडतं का ते बघायचं. घडलं नाही तर कारण सोडून द्यायचं, मग ते नोबेलवाल्याचं का असेना.

आणि यासाठी घरात निकोल प्रिझम लागत नाही. अलिबागला गेलात की विचारा, आकाश तर निळंभोर आहे, मग हे पाणी मातकट का? एवढ्या एका प्रश्नाने सातवीतलं मूलही ‘प्रतिबिंब’ हे उत्तर हलवू शकतं. मग तुम्ही सांगा की पाणी तांबडा प्रकाश थोडा थोडा शोषून घेतं आणि निळा मागे उरतो. त्यावर ते नक्की विचारेल, ‘मग तांब्यातलं पाणी निळं का नाही?’ हा उद्धटपणा नव्हे, ही तर परीक्षा आहे, आणि उत्तराने तिला बसायलाच हवं. इथे ते बसतं: हे शोषण इतकं कमी असतं की रंग उमटायला काही मीटर खोल पाणी लागतं. खुद्द रामन यांनी मुख्य भर प्रकाशाच्या विखुरण्यावर दिला होता. पाण्याच्या या शोषणाचा वाटा अधिक मोठा, ही समज नंतर पक्की झाली. त्याने त्यांचं काम उणं होत नाही.

घरातली कारणंही अशीच तपासून बघावीत, असं मला मनापासून वाटतं. दृष्ट काढली आणि ताप उतरला. टॉनिक सुरू केलं आणि उंची वाढली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली की आपण कावळ्याला जबाबदार धरतो. आजीशी वाद घालायची गरज नाही. मुलाला एवढंच विचारू द्या, की दृष्ट न काढता उतरलेले ताप किती? टॉनिक न घेता उंच झालेली मुलं वर्गात किती?

नाव सांगितलं म्हणजे कारण सांगितलं, असंही नाही. ‘आंबा खाली का पडतो?’ ‘गुरुत्वाकर्षण.’ यात काय कळलं? पडणारा आंबा आणि पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत, हे न्यूटनने 1687 मध्ये हिशोबाने दाखवलं. तिथे मूल थबकतं आणि त्याचे पुढचे प्रश्न सुरू होतात.

या वर्षी एक करून बघा. उन्हाळा का येतो, असं मुलांना विचारा. पुष्कळ जण म्हणतील, सूर्य जवळ येतो म्हणून. त्यांना सांगा की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि जुलैत असते 15.2 कोटींवर. मग त्यांनाच दुसरं कारण शोधू द्या. गच्चीवर एक काठी सरळ उभी करा आणि दिवाळीपासून अधूनमधून भरदुपारची तिची सर्वांत आखूड सावली मोजायला सांगा. डिसेंबरात ती लांब भरेल, मग आखडत जाईल आणि मे महिन्यात एका दुपारी नाहीशी होईल. कोल्हापुरात ते पहिल्या आठवड्याच्या सुमारास घडतं, पुण्यात 13-14 तारखेच्या आसपास, नागपुरात महिना सरता सरता. नागपूरला मामा किंवा मावशी असेल तर मुलांना फोन लावू द्या. ‘आमची सावली गेली, तुमची का नाही गेली?’ असं त्यांनी विचारलं, की दोन्हीकडच्या मोठ्यांनी लगेच उत्तर देऊ नका. आधी त्यांचा अंदाज ऐका आणि तो कसा तपासायचा, तेही त्यांनाच ठरवू द्या.