नव्या दुनळीचा चाप: कारागिराकडे जाण्याआधी घरी करायची तपासणी

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, परवान्याची बंदूक ज्या घरात आहे तिथे ती बहुधा वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या काळची असते. नळ्या शेजारी-शेजारी, चाप दोन. पुढच्या चापाने उजवी नळी उडते, मागच्याने डावी. बोटाला सवय त्याचीच. अशा घरात वर-खाली नळ्यांची, एकाच चापाची नवी बारा बोअर आली की आठवडाभरात तक्रार सुरू होते: चाप जड आहे, खरवडतो, दुसरा बार होतच नाही.

चिखलीकडच्या एका शेतकऱ्याने याच तक्रारीसाठी नवी बंदूक घेऊन दोनदा लांबचा प्रवास केला. बंदुकीत काहीच बिघाड नव्हता. घरी अर्धा तास नीट तपासलं असतं तर दोन्ही हेलपाटे वाचले असते. चापाच्या बऱ्याच तक्रारी बंदूक न उघडता सुटतात. ज्या सुटत नाहीत त्या घरी सोडवायच्याच नसतात. खाली दिलेला क्रम याच हिशेबाने लावला आहे, तो मोडू नका.

साहित्य थोडंच लागतं. बारा बोअरची दोन डमी काडतुसं, दुकानात स्नॅप कॅप म्हणून मिळतात ती. पाच किलोपर्यंतचा आकड्याचा स्प्रिंगकाटा, हातभर मऊ दोरी, सुती फडकं, बंदुकीचं पातळ तेल, वही आणि पेन. उडवलेली रिकामी काडतुसं डमी म्हणून वापरू नका. ती भरलेल्यांत मिसळतात आणि अपघात तिथेच होतो.

सुरुवात बंदूक रिकामी करण्यापासून. नळ्या उघडायचा खटका दाबून बंदूक पूर्ण मोडा, दोन्ही चेंबर डोळ्यांनी पाहा, मग बोट घालून पाहा. भरलेली काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. घरातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाला चेंबर दाखवा. तपासणी संपेपर्यंत नळीचं तोंड मातीच्या जाड भिंतीकडे किंवा धान्याच्या थप्पीकडे राहू द्या, जिथे पलीकडे माणूस किंवा जनावर नाही. मध्ये चहाला उठलात तर परत आल्यावर चेंबर पुन्हा पाहायचे.

मग तक्रार वहीत लिहा, स्वतःच्या शब्दांत. ‘चाप बरोबर नाही’ एवढं लिहून भागत नाही. जड आहे का? सुटण्याआधी खरखरत पुढे सरकतो का? सुटल्यावर बोट रिकाम्यात आपटतं का? दुसऱ्या नळीला हालतच नाही का? रोज होतं की कधीतरी? कारागीर पहिल्यांदा हेच विचारतो.

आता चापाचा प्रकार ओळखा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून समजून घ्या. चाप ओढला की आत सीअर नावाची छोटी कड सरकते, तिने अडवून धरलेला घोडा सुटतो आणि फायरिंग पिनवर आदळतो. दोन चापांच्या बंदुकीत प्रत्येक घोड्याला स्वतःचा चाप आहे. एका चापाच्या बंदुकीत तोच चाप पहिल्या सीअरवरून दुसऱ्या सीअरवर जावा लागतो आणि त्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत बोट सोडलं की आतली यंत्रणा आपली आपण दुसऱ्या नळीवर जाते. त्याला मेकॅनिकल चाप म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत पहिल्या बाराचा धक्का बसला तरच आतलं वजन सरकतं आणि चाप दुसऱ्या सीअरला लागतो. हा इनर्शिया चाप. तुमच्या हातात या दुसऱ्या जातीची बंदूक असेल तर घरी रिकामी चालवून दुसरी टकटक येणारच नाही, कारण धक्काच नाही.

परीक्षा सोपी आहे. दोन्ही चेंबरमध्ये डमी घाला, बंदूक मिटवा, सेफ्टी पुढे करा, चाप ओढा. टक् झालं की बोट पूर्ण सुटं करा आणि पुन्हा ओढा. दुसरं टक् झालं तर चाप मेकॅनिकल. नाही झालं तर बोट चापाच्या गार्डबाहेर ठेवून दस्त्याच्या बुडाला तळहाताने जोरात थाप मारा आणि मग ओढा. आता टक् झालं तर चाप इनर्शियाचा आहे आणि ठीक आहे. चिखलीच्या त्या बंदुकीत एवढंच होतं.

दुसरं टक् कशानेच आलं नाही, तर आणखी तीन गोष्टी पाहा. पहिली, बंदूक शेवटपर्यंत मोडली जाते का. नव्या बंदुकीचा बिजागर घट्ट असतो, माणूस ती अर्धीच मोडतो, एक घोडा चढत नाही आणि चाप ढिला, मेल्यासारखा लागतो. दुसरी, नळी निवडायचा सिलेक्टर. पुष्कळ बंदुकांत तो सेफ्टीच्याच बटणावर असतो आणि मध्येच अडकला तर चाप अजिबात हालत नाही. तो सेफ्टी मागे असतानाच, पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे सरकवायचा. तिसरी, आपोआप लागणारी सेफ्टी. शेतात वापरायच्या कित्येक बंदुकांत बंदूक मोडली की सेफ्टी स्वतःहून मागे येते. माणूस ती विसरतो आणि जाम झाल्याचा दोष चापाला देतो.

बोटाचंही तपासा. दोन चापांची सवय असलेलं बोट पहिल्या बारानंतर मागचा चाप शोधायला सरकतं किंवा पहिला चाप पुरता सोडतच नाही. चाप पूर्ण पुढे आला नाही तर दुसऱ्या सीअरला लागणार कसा? डमी घालून वीस-पंचवीस वेळा सावकाश सराव करा. बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर, ओढ सरळ मागे. काही बंदुकांत चाप पुढे-मागे सरकवता येतो. माहितीपत्रकात तसं दिलं असेल तरच त्याच्याच किल्लीने तो आपल्या बोटाच्या मापाला लावा.

पुढचं काम स्वच्छतेचं. कारखान्यातून बंदूक निघते ती गंज लागू नये म्हणून ग्रीस फासून. आतलं ग्रीस घट्ट झालं की चाप चिकट आणि आळशी लागतो. आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडलं जातं. निवडणुकीत बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि परत मिळेपर्यंत न पुसता पडून राहतात. 2024 साली लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका झाल्या. जमा केलेली बंदूक परत आली की ती आधी पुसून, तपासून घ्यायची आणि मगच वापरायची. नळ्या काढा, दिसेल तेवढं जुनं ग्रीस फडक्याने पुसा, चापाच्या खाचेत पातळ तेलाचा एक थेंब सोडा. एकच. ओतलेलं तेल दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. म्हणून तेल दिल्यावर बंदूक रात्रभर नळीचं तोंड खाली करून, फडक्यावर टेकवून ठेवावी. पुष्कळ घरांत ती उलटी, म्हणजे दस्ता खाली करून कोपऱ्यात उभी असते. ही सवय आजच सोडा.

लाकडावरही नजर टाका. घाटाखाली मलकापूर, नांदुऱ्याला एप्रिल-मेच्या उन्हात लाकूड सुकून आकसतं, दस्ता धरणारा बोल्ट सैल पडतो आणि चाप एक दिवस हलका, एक दिवस जड लागतो. घाटावर पावसाळ्यात उलट होतं. लाकूड फुगतं आणि आतल्या भागांना घासतं. दस्ता आणि लोखंड जिथे मिळतात तिथे फट दिसते का, हाताने हलवल्यावर कुरकुर येते का, चापाच्या बाजूला घासल्याची चकाकी आहे का, पाहा. यातलं काही आढळलं तर नोंद करा आणि बोल्ट कारागिराकडूनच आवळून घ्या. वेडावाकडा आवळला तर दस्त्याची मान चिरते.

आता वजन. दोरीचा फास चापाच्या मध्यावर बसवा, काट्याचा आकडा दोरीत अडकवा आणि नळीच्या समांतर, सरळ मागे, हळूहळू ओढा. चाप सुटतो त्या क्षणीचा आकडा लिहा. प्रत्येक नळीचे पाच आकडे घ्या. शेतातल्या बंदुकीला साधारण 1.8 ते 2.5 किलो ठीक समजतात. निशाणेबाजीच्या बंदुका याहून थोड्या हलक्या असतात. दोन नळ्यांत थोडा फरक चालतो. पण एकाच नळीचे पाच आकडे अर्ध्या किलोने मागेपुढे होत असतील, किंवा आकडा दीड किलोच्या बराच खाली असेल, तर बंदूक वापरू नका. जड चाप हाताला त्रास देतो, हलका चाप जीव घेऊ शकतो.

शेवटची घरगुती परीक्षा सुरक्षेची आहे, ती कुणीही टाळू नये. डमी घालून सेफ्टी मागे ठेवा, चाप जोराने ओढून सोडा, मग चापाला हात न लावता सेफ्टी पुढे करा. टक् होता कामा नये. नंतर सेफ्टी पुढे असतानाच दस्त्याच्या बुडाला तळहाताने दोन-चार थापा मारा. तेव्हाही टक् होता कामा नये. झालं तर बंदूक कपाटात कुलूपबंद करा आणि थेट कारागिराला फोन लावा.

खरी काडतुसं अधिकृत रेंजवरच. शेतात किंवा लग्नात बार काढून पाहणं ही चाचणी नव्हे. आनंदासाठी केलेला बेपर्वा गोळीबार 2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. पिकात शिरलेल्या रोह्यावर किंवा रानडुकरावर वनखात्याच्या परवानगीशिवाय बंदूक चालवणं हाही गुन्हा. रेंजवर आधी एकच काडतूस खालच्या नळीत, मग एकच वरच्या नळीत, आणि दोन्ही ठीक चालल्या तरच दोन काडतुसं. इनर्शिया चापाची बंदूक 24 ग्रॅमच्या हलक्या काडतुसावर कधी कधी दुसऱ्या नळीवर जात नाही, कारण धक्का कमी पडतो. आंतरराष्ट्रीय ट्रॅप-स्कीटमध्ये 24 ग्रॅमचीच मर्यादा आहे, म्हणून खेळाडू याबाबत जागरूक असतात. 28 ग्रॅमचं घालून पाहा, दस्ता खांद्याला घट्ट लावा. तेवढ्याने सुटलं तर चाप निर्दोष आहे. एका ओढीत दोन्ही बार झाले तर तिथेच थांबा.

सीअरला कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका, स्प्रिंग कापू नका. सीअरचा वरचा थर कडक केलेला असतो, आतलं लोखंड मऊ. तो थर घासला गेला की चाप काही दिवस लोण्यासारखा चालतो आणि मग एके दिवशी बंदूक मिटवताना बार होतो. कायदाही तेच सांगतो: 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय शस्त्रदुरुस्तीचा धंदा करता येत नाही. गावातला लोहार कितीही हुशार असो, हे काम त्याच्याकडे देऊ नका. परवानाधारक कारागिराकडे जाताना बंदूक रिकामी, सुटी करून पेटीत ठेवा. बंदुकीचा परवाना, खरेदीची पावती आणि वजनाच्या आकड्यांची वही बरोबर घ्या. वॉरंटी चालू असेल तर आधी विक्रेत्याला कळवा आणि बंदूक दिल्याची लेखी पोच घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.