ट्रॅक्टर व दुचाकींची चलाने : नोंद कोठे पाहावी व निकाल कसा लावावा

ऊस, दूध, भाजीपाला व खते यांची ने-आण करण्यासाठी ट्रॅक्टर-ट्रॉली व मोटारसायकल यांचा वापर आता बहुतेक गावांत नित्याचा झाला आहे. वाहनांबरोबर त्यांचे कायदेही शेतकऱ्याच्या दारी आले आहेत. पूर्वी वाहतूक पोलीस वाहन थांबवून कागदी पावती हाती देत असे. त्यामुळे दंड झाल्याचे निदान त्याच वेळी समजे. ई-चलान पद्धतीत रस्त्यावरील कॅमेरा अथवा पोलिसाच्या हातातील यंत्र वाहनाचे छायाचित्र घेते आणि चलान वाहनाच्या क्रमांकावर चढते. त्याचा संदेश नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाइल क्रमांकावर जातो. हा क्रमांक बंद पडलेला असल्यास, किंवा वाहन विकणाऱ्या दुकानदाराने स्वतःचाच क्रमांक लिहून दिला असल्यास, मालकास वर्ष-दोन वर्षे काहीच कळत नाही. पुढे ट्रॅक्टर विकावयास काढला किंवा कर्ज फिटल्यावर बँकेचा बोजा उतरवावयास परिवहन कार्यालयात गेल्यावर जुनी थकबाकी समोर येते व काम अडून राहते.

अशा वेळी कोणी घाबरून मध्यस्थाच्या हाती पैसे ठेवतो, तर कोणी नोटीस चुलीत घालतो. दोन्ही मार्ग नुकसानीचेच आहेत. जमिनीच्या व्यवहारात शेतकरी प्रथम सात-बारा पाहतो. त्याचप्रमाणे चलानाच्या बाबतीत प्रथम नोंद पाहावयास पाहिजे.

नोंद तीन ठिकाणी असू शकते. पहिली पोलिसांच्या ई-चलान दप्तरात. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा ‘महाट्रॅफिक’ ॲपवर वाहन क्रमांक आणि चेसिस अथवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे भरले असता त्या वाहनावरील चलाने दिसतात. दुसरी नोंद केंद्र शासनाच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावरील ई-चलान विभागात असते. तेथे चलान क्रमांक, वाहन क्रमांक किंवा अनुज्ञप्ती, म्हणजे लायसन, क्रमांकावरून शोध घेता येतो. शेजारच्या राज्यात माल नेणाऱ्यांनी ही नोंद अवश्य पाहावी. तिसरी नोंद न्यायालयात असते व तिचा विचार पुढे केला आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली स्वतंत्रपणे नोंदलेली असते व तिला स्वतःचा क्रमांक असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. म्हणून दोन्ही क्रमांक तपासावे.

चलान सापडल्यावर लगेच पैसे भरण्याची घाई करू नये. त्यावरील तारीख, वेळ, ठिकाण, कलम व छायाचित्र नीट पाहावे. छायाचित्रातील वाहन आपलेच आहे काय? इंग्रजी ‘बी’ अक्षर आणि आठाचा आकडा यांत घोटाळा होऊन दुसऱ्याच्या मोटारसायकलचा दंड आपल्या ट्रॅक्टरवर चढणे अशक्य नाही. मोटार वाहन नियमांनुसार क्रमांकपट्टीवरील अक्षरे इंग्रजीत व आकडे इंग्रजी पद्धतीचेच असावे लागतात. आकड्यांना वेलांट्या देऊन त्यांतून ‘दादा’ किंवा ‘राजे’ वाचावयास लावणारी पट्टी हा स्वतंत्र गुन्हा आहेच, शिवाय अशी पट्टी चुकीच्या नोंदीस आमंत्रण देते. हौसेचा हा प्रकार शेतकऱ्यास बराच महाग पडतो.

छायाचित्र चुकीचे असल्यास दंड भरू नये. संकेतस्थळावरील तक्रार विभागात, किंवा ज्या पोलीस घटकाने चलान केले त्याच्या वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार द्यावी. सोबत नोंदणी पुस्तकाची प्रत, आपल्या वाहनाचे समोरून व मागून घेतलेले छायाचित्र आणि त्या दिवशी वाहन अन्यत्र असल्याचा पुरावा जोडावा. साखर कारखान्याची वजनपावती, बाजार समितीची काटापट्टी, दूध संस्थेची नोंद हे अशा वेळी उत्तम पुरावे होत. तक्रारीची पोच घेण्यास विसरू नये. कॅमेऱ्याने होणाऱ्या कारवाईसाठी केंद्र शासनाने २०२१ साली मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. यंत्राला मान्यतेचा दाखला असावा, कॅमेरा असलेल्या ठिकाणी सूचनाफलक असावा व नोटीस ठरलेल्या मुदतीत पाठवावी, असे त्यात सांगितले आहे. चलान नाकारताना हे मुद्दे मांडता येतात. मात्र नोटिशीवर छापलेल्या मुदतीच्या आतच ते मांडले पाहिजेत.

विकलेल्या वाहनाचा प्रश्न सर्वांत अधिक त्रासाचा आहे व त्याचे मूळ गावच्या व्यवहारातच आहे. समजा, एखाद्या शेतकऱ्याने जुनी मोटारसायकल आठवडी बाजारात विकली, पैसे मोजून घेतले, साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि नोंदणी पुस्तक देऊन टाकले. परिवहन कार्यालयाच्या दृष्टीने मालक अद्याप तोच राहतो. घेणाऱ्याने शहरात शिरस्त्राणावाचून ती चालविली, तरी चलान मूळ मालकाच्या नावे येते. अपघात घडल्यास गोष्ट दंडावर थांबत नाही. ज्याच्या नावे नोंदणी आहे तोच नुकसानभरपाईच्या दृष्टीने मालक समजावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. एका जुन्या दुचाकीपायी शेतजमिनीवर जप्ती येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० हे अर्ज आहेत. ‘घेणारा नाव बदलून घेईल’ या भरवशावर राहू नये. जुना व्यवहार तसाच राहून गेला असेल, तर घेणाऱ्यास गाठून हस्तांतर पुरे करावे आणि विक्रीच्या कागदाची प्रत जोडून परिवहन कार्यालयास लेखी कळवावे.

चलान खरे असल्यास पाहावयाचे ते एवढेच की, गुन्हा तडजोडीने मिटण्यासारखा आहे काय. शिरस्त्राण नसणे, विमा नसणे, वेगमर्यादा ओलांडणे यांसारख्या गुन्ह्यांत कायद्याच्या कलम २०० खाली ठरलेली रक्कम भरली की प्रकरण संपते. मद्य पिऊन वाहन चालविणे किंवा अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणे हे गुन्हे मात्र न्यायालयातच जातात. मुलास ट्रॅक्टर चालविता येतो याचे गावात कौतुक होते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ या कौतुकास फार कठोर आहे. त्याखाली पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. बांधावरून मुख्य रस्त्यापर्यंतचे अंतर थोडे आहे, ही सबब तेथे चालत नाही.

मुदतीत न भरलेले चलान न्यायालयात पाठविले जाते. महाराष्ट्रात वाहतूक प्रकरणांसाठी आभासी न्यायालय २०२० साली नागपूर जिल्ह्यात सुरू झाले. ‘व्हर्च्युअल कोर्ट’च्या संकेतस्थळावर महाराष्ट्राचा वाहतूक विभाग निवडून मोबाइल क्रमांक, वाहन क्रमांक किंवा चलान क्रमांक यांवरून प्रकरण शोधता येते. तेथे दंड मान्य करून भरता येतो, किंवा आरोप नाकबूल करता येतो. नाकबूल केल्यास प्रकरण त्या भागातील न्यायालयाकडे चालविण्यासाठी जाते. तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील प्रकरणाची तारीख ई-कोर्ट सेवेवर सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांकावरून किंवा पक्षकाराच्या नावावरून पाहता येते. निकालाची नक्कल हवी असल्यास न्यायालयाच्या नक्कल विभागाकडे अर्ज करावा. समन्स आल्यावर मात्र गैरहजर राहू नये. लहान गुन्ह्यांत गुन्हा कबूल करून नमूद केलेली रक्कम पाठवून देण्याची सोय कलम २०८ मध्ये आहे. समन्सवर तसे लिहिले असल्यास तेवढ्यासाठी दिवसाचे काम बुडविण्याचे कारण नाही.

थकलेल्या चलानांसाठी लोक अदालत हाही सोयीचा मार्ग आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे तेथील निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील होत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी कोणकोणती चलाने त्यात धरली आहेत ते वाचून घ्यावे. तडजोड न होणारे गुन्हे लोक अदालतीपुढे येऊ शकत नाहीत. तारीख तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात कळते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व अल्प उत्पन्नाचे लोक यांना तेथे विनामूल्य वकील मिळू शकतो.

अलीकडे चलानाच्या नावाने फसवणुकीचे संदेश येतात. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ अशा नावाची एक फाईल येते. ती उघडून मोबाइलमध्ये बसविली की बँकेचे संदेश भामट्यांच्या हाती जातात व खाते रिकामे होते. परिवहन खाते किंवा पोलीस अशी फाईल पाठवीत नाहीत. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ या अक्षरांनी संपतो. तो आपण स्वतः लिहून उघडावा, आलेल्या दुव्यावर बोट ठेवू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना या कामी पुष्कळ साह्य करता येईल. ऊसतोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील ट्रॅक्टरमालकांना एक दिवस ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात बोलवावे. प्रत्येकाच्या ट्रॅक्टरची, ट्रॉलीची व दुचाकीची चलाने तपासून द्यावी, नोंदणीतील मोबाइल क्रमांक चालू आहे की नाही ते पाहावे व विम्याची अखेरची तारीख नोंदणी पुस्तकाच्या पाकिटावर लिहून द्यावी. ट्रॉलीच्या मागील परावर्तक पट्ट्याही त्याच वेळी पाहून घ्याव्या, कारण रात्री उसाने भरलेली ट्रॉली मागून येणाऱ्यास दिसत नाही. दंड भरलेल्यांनी पावती छापून ठेवावी व पंधरवड्यानंतर पोलिसांच्या दप्तरात तसेच आभासी न्यायालयात ते चलान निकाली दाखविले आहे काय, हे पुन्हा पाहावे. एका ठिकाणी ते बाकीच दिसत असल्यास पावती दाखवून त्याच आठवड्यात नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज द्यावा.