पृथ्वी कोणासाठी घडली?

"पृथ्वी सूर्यापासून नेमक्या अंतरावर आहे, येथे पाणी आहे, प्राणवायू आहे; एवढी चोख व्यवस्था कर्त्यावाचून कशी झाली असेल?" हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना घराबाहेर आणि घरातही ऐकावा लागतो. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याची थट्टा न करता तो तपासून पाहणे, हीच तथागतांनी कालामांना केलेल्या उपदेशाला धरून असलेली रीत होय.

प्रथम त्यातील तथ्य मान्य करू. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. शुक्र आकाराने जवळजवळ तिच्याएवढाच. पण कार्बन डायऑक्साइडच्या दाट आवरणामुळे त्याचा पृष्ठभाग सुमारे ४६० अंश सेल्सिअस तापलेला आहे. मंगळाची हवा अतिशय विरळ व थंड आहे. पृथ्वी जीवनास अनुकूल आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो या अनुकूलतेच्या अर्थाविषयी.

प्राणवायूचेच उदाहरण घ्या. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. तिच्या आयुष्याच्या जवळजवळ पहिल्या अर्ध्या काळात हवेत मोकळा प्राणवायू नगण्य होता. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव सूर्यप्रकाशात अन्न तयार करताना तो टाकाऊ वायू म्हणून सोडत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो वातावरणात साठू लागला. तेव्हाच्या अनेक जीवांना तो विषासमान होता. जे तगले, त्यांच्या वंशात पुढे आपण आलो. म्हणजे ही हवा आपल्यासाठी आधीच सिद्ध करून ठेवलेली नव्हती. जीवांनी हवा बदलली आणि बदललेल्या हवेने जीव घडवले. कारणांच्या आश्रयाने कार्य उद्भवते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार येथे सहज आठवतो.

यावर कोणी म्हणेल, सूर्यापासूनचे अंतर तर जीवांनी ठरवले नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु १९९५ साली सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला आणि आज असे परग्रह ५००० हून अधिक ज्ञात आहेत. इतक्या ग्रहांत जेथे परिस्थिती जुळेल, तेथेच हा प्रश्न विचारणारा जन्मू शकतो. शुक्रावर तो विचारण्यास कोणी नाही.

दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात एक मार्मिक कथा आहे. रिकाम्या ब्रह्मविमानात एक जीव प्रथम उत्पन्न होतो. एकटेपणाने कंटाळून तो सोबतीची इच्छा करतो. काही काळाने इतर जीव आपापल्या कारणांनी तेथे येतात. त्याला वाटते, "मीच यांना निर्मिले." त्यांनाही वाटते, "हा आमच्या आधी होता, तेव्हा हाच आमचा निर्माता." आधी असणे आणि कारण असणे यांतील भेद येथे सुटला. अनुकूल असणे आणि आपल्यासाठी केलेले असणे, यांतील भेदही असाच सुटतो.

यावरून निर्माता नाहीच, असे सिद्ध होत नाही. या पुराव्यावरून तो सिद्ध होत नाही, एवढेच ठरते. पण हा 'एवढेच' आपल्या समाजासाठी लहान नाही. चार वर्ण पुरुषाच्या अवयवांपासून झाले, असे पुरुषसूक्त सांगते. जे आहे ते निर्मात्याने तसेच योजले, हे एकदा मान्य केले की अन्यायालाही योजनेचे संरक्षण मिळते. म्हणूनच बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात त्या सूक्ताची कठोर चिकित्सा केली.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. प्राणवायूपासूनच ओझोनचा रक्षक थर बनला. मानवनिर्मित रसायनांनी तो विरळ होऊ लागला, तेव्हा माणसांनी कारण शोधले आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्या रसायनांना आवर घातला. आता तो थर हळूहळू सावरत आहे. कारण कळले म्हणून उपाय सापडला.

पृथ्वी आपल्यासाठी घडलेली नसेल, तरी ती राखणे आपल्याकडेच आहे. ही शिकवण प्रत्येक विद्यार्थ्याने येथून सोबत न्यावी.