बिनवासाचा रंग आणि कपाटाचे पॉलिश

घराच्या आतील रंगकामाचे साहित्य निवडताना ग्राहकाचे सारे लक्ष भिंतीवर अखेरीस दिसणाऱ्या रंगाच्या डब्यावर खिळलेले असते, आणि दुकानदार, कंत्राटदार व जाहिराती हे तिघेही ते तेथेच खिळून राहील याची काळजी घेतात. वस्तुतः भिंतीवर दिसणारा थर हा रंगकामाचा केवळ शेवटचा टप्पा असतो. त्याच्याखाली पुट्टी आणि प्रायमर असतात, शेजारी दाराखिडक्यांचा ऑइल पेंट, ग्रिलवरचा मेटल प्रायमर आणि कपाटांचे पॉलिश असते, आणि यांतील बरेचसे साहित्य पातळ करण्यासाठी टर्पेंटाइन किंवा थिनर वापरला जातो. भिंतीसाठी महागडा, कमी विषारी रंग आणूनही घरातील हवा बिघडते ती बहुतेक वेळा या दुर्लक्षित साहित्यामुळे, आणि ज्याच्या हाती ते साहित्य असते तो कंत्राटदार त्याविषयी आपणहून एक शब्दही बोलत नाही.

रंगाचे स्थूलमानाने चार घटक मानले जातात: छटा देणारे रंगद्रव्य, ते पृष्ठभागाला धरून ठेवणारा बंधक, या दोहोंना प्रवाही ठेवणारा द्रव आणि अल्प प्रमाणात मिसळलेली पूरक द्रव्ये. इमल्शनमध्ये हा द्रव मुख्यतः पाणी असतो, तर ऑइल पेंटमध्ये तो टर्पेंटाइनसारखा विद्रावक असतो, आणि रंग वाळतो म्हणजे हा विद्रावक घराच्या हवेत मिसळतो. सामान्य तापमानाला अशी सहज वाफ होणाऱ्या कार्बनी रसायनांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे असे म्हणतात; बाजारात त्यांना व्हीओसी या नावाने ओळखतात. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार, २०१० पासून भिंती व छतावरील पाण्यावर आधारित मॅट रंगात ही संयुगे प्रतिलिटर ३० ग्रॅमपर्यंतच चालतात, मात्र लाकूड व धातूवर लावायच्या विद्रावक-आधारित रंगांना प्रतिलिटर ३०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे. भिंतीचा रंग आणि दाराचा रंग यांत कडक कायद्यालाही दहापटीचा फरक मान्य करावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ भिंतीपुरती सावधगिरी किती अपुरी आहे ते कळते.

प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातील सदनिकेचे रंगकाम दिवाळीच्या तोंडावर काढण्यात आले, तेव्हा घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीस दमा असल्यामुळे ‘घरात वापरायचे सर्व साहित्य कमी व्हीओसीचे असावे’ अशी स्पष्ट मागणी कंत्राटदाराकडे लेखी करण्यात आली होती, आणि तो संदेश आजही उपलब्ध आहे. कंत्राटदाराने ‘साहेब, आता सगळं बिनवासाचंच येतं’ असे उत्तर देऊन मागणी मान्य केली आणि त्या नावाखाली दरही वाढवून घेतला. भिंतींचा रंग खरोखरच ठरल्याप्रमाणे आला, आणि त्याचे सीलबंद डबे घरमालकासमोर समारंभपूर्वक उघडण्यात आले. काम संपल्यावर भिंतीजवळ कसलाच वास नव्हता. तरीही शयनगृहात रात्री डोळे चुरचुरत, घशाला कोरड पडे, आणि दम्याचा त्रास इतका वाढला की त्या व्यक्तीस नातेवाइकांकडे हलवावे लागले.

कारण उमगले ते कपड्यांचे कपाट उघडताना. दार उघडताच कोंडलेल्या वाफेचा असा तीव्र झोत आला की समोर उभे राहणे अशक्य झाले. त्यानंतर ड्राय बाल्कनीत शोध घेतला असता कंत्राटदाराने मागे ठेवलेल्या गोणपाटाखाली मेलामाइन सीलर, त्याचा हार्डनर आणि थिनर यांचे रिकामे डबे सापडले. मेलामाइन पॉलिशमधील अमिनो राळ आम्लयुक्त हार्डनरच्या साहाय्याने कडक होते, आणि या प्रक्रियेत फॉर्माल्डिहाइड हा वायू बाहेर पडतो; पृष्ठभाग हाताला कोरडा लागू लागल्यावरही हे उत्सर्जन दीर्घकाळ चालू राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या शाखेने, २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. दम्याच्या रुग्णाच्या उशाशी हे पॉलिश लावले गेले होते.

जाब विचारल्यावर कंत्राटदाराने दिलेले उत्तर विसरता येण्यासारखे नाही: ‘रंग तुम्ही सांगितला तोच लावलाय, पॉलिश म्हणजे रंग नव्हे.’ मागणीत ‘रंग’ हा शब्द नव्हता, ‘सर्व साहित्य’ असे होते, हे त्याला संदेश दाखवून सांगितले, तेव्हा त्याने दरपत्रकातील ‘इतर साहित्य चालू पद्धतीप्रमाणे’ या बारीक अक्षरांतील ओळीकडे बोट दाखवले. वाढीव दर घेताना त्याला ही ओळ आठवली नव्हती. नव्या कामाला वास येणारच, खोलीत कापलेला कांदा ठेवा, असा सल्लाही त्याने दिला आणि शेवटच्या हप्त्याचा तगादा सुरू केला. कांदा, लिंबू किंवा कापूर यांमुळे हवेतील फॉर्माल्डिहाइड नाहीसा होत नाही, फक्त दुसऱ्या वासाखाली दबतो; त्यामुळे रहिवाशाला धोका टळल्याचा भास होतो, आणि म्हणून हा सल्ला निरुपयोगीच नव्हे तर घातक आहे.

यातून पहिली गोष्ट निष्पन्न होते ती अशी की, दरपत्रकात प्रत्येक वस्तूचे उत्पादन नाव आणि प्रकार स्वतंत्रपणे लिहून घ्यावा: पुट्टी कोणती, प्रायमर पाण्यावरचा की टर्पेंटाइनचा, दाराला कोणता रंग, कपाटाला कोणते पॉलिश, आणि पातळ करण्यासाठी काय वापरणार. ‘इतर’, ‘चालू पद्धती’ आणि ‘समतुल्य’ हे तीन शब्द दरपत्रकातून खोडून मगच सही करावी. लाकडासाठी पाण्यावर आधारित एनॅमल आणि पाण्यावर आधारित पीयू पॉलिश मिळते. ते महाग असते आणि कारागीर ते लावायला कुरकुर करतात, कारण वाळताना लाकडाचे तंतू उभे राहतात व पुन्हा घासकाम करावे लागते. मेलामाइन टाळता येत नसेल तर फळ्या कारखान्यातच पॉलिश करून, उघड्या हवेत पुरेसा काळ ठेवून मग घरी बसवाव्यात, आणि कपाटाच्या आतील बाजूस पॉलिशऐवजी लॅमिनेट घ्यावे.

डब्यावरील ‘शून्य व्हीओसी’ या शब्दांचाही अर्थ तपासावा लागतो. ही संज्ञा सहसा रंग मिसळण्यापूर्वीच्या पांढऱ्या बेसला लागू असते. दुकानातील यंत्र त्यात जी रंगछटा सोडते, ती ग्लायकॉलवर आधारित असल्यास गडद छटेबरोबर व्हीओसीचे प्रमाणही वाढते, म्हणून शयनगृहासाठी फिकी छटा निवडणे हिताचे आहे. युरोपीय व्याख्येत २५० अंश सेल्सिअसपर्यंत उकळणारी संयुगेच मोजली जातात, त्यामुळे रंगाचा थर एकसंध होण्यासाठी वापरले जाणारे टेक्सॅनॉल त्या मोजणीतून निसटते, कारण त्याचा उत्कलनबिंदू या मर्यादेच्या किंचित वर आहे. ते सावकाश, पण घरातच बाहेर पडते. पाण्यावरच्या रंगात बुरशी व जीवाणू वाढू नयेत म्हणून आयसोथायझोलिनोन गटातील परिरक्षके घालतात, आणि त्यांची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला ताज्या रंगाच्या खोलीतील हवेनेही त्वचेचा त्रास होऊ शकतो. सुगंधी रंग तर घेऊच नयेत. दुकानदाराकडे उत्पादनाचे सुरक्षा माहितीपत्रक मागावे. ते देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून माल उचलू नये.

शिशाचा प्रश्न वेगळा आणि अधिक जुना आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर भारत सरकारने २०१६ मध्ये नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, ही मर्यादा लागू झाली; तरीही त्यानंतर लहान उत्पादकांच्या रंगांत याहून अधिक शिसे आढळल्याचे दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेच्या तपासण्यांतून दिसले आहे. हा नियम औद्योगिक रंगांना लागू नाही, आणि फॅब्रिकेटर ग्रिलला किंवा मुलांच्या लोखंडी पलंगाला कोणत्या डब्यातला पिवळा वा केशरी रंग लावतो हे कोणी विचारत नाही. पोटात गेलेले शिसे लहान मुले प्रौढांच्या चार ते पाचपट प्रमाणात शोषतात. म्हणून जुन्या घरातील ऑइल पेंट कोरडा घासू नये, ओला करून घासावा, आणि तो ज्योतीने जाळून काढण्याची पद्धत कटाक्षाने टाळावी, कारण तिच्यामुळे शिशाची वाफ होते.

जेथे भिंती जुन्या चुन्याच्या आहेत आणि त्यांवर प्लॅस्टिक पेंट चढलेला नाही, तेथे चुनाच पुन्हा लावणे हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे. चुन्याच्या तीव्र अल्कतेमुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही, मात्र लावताना डोळे जपावे लागतात. इमल्शनवर चुना टिकत नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये बाजारात आणलेला गोमयावर आधारित प्राकृतिक पेंट डिस्टेंपर आणि इमल्शन या दोन्ही रूपांत मिळतो, पण त्याने दारे आणि कपाटे यांचा प्रश्न सुटत नाही. रंगकाम शक्यतो पावसाळा सरल्यावर करावे आणि खोल्या पुरेसा काळ उघड्या ठेवाव्यात, हे सर्वज्ञात आहे.

शेवटचा हप्ता कपाटे आतून तपासल्यावरच द्यावा, आणि रिकामे डबे मोजून, त्यांवरील नावे दरपत्रकाशी ताडून मगच ते घराबाहेर जाऊ द्यावेत. पॉलिश करणाऱ्या कारागिरांचा विचारही याच दरपत्रकात व्हायला हवा. रंगाऱ्याच्या व्यवसायातील संपर्कालाच आयएआरसीने १९८९ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे, तरीही प्रस्तुत प्रकरणात मेलामाइन लावणारा तरुण नाकाला रुमाल बांधून कपाटाच्या आत बसून काम करत होता. कापड वाफ अडवत नाही; त्यासाठी सक्रिय कोळशाची नळकांडी असलेला मुखवटा लागतो, आणि त्याचा खर्च ग्राहकाने स्वतंत्र ओळीत लिहून मागावा, कारण कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडल्यास तो मुखवटा कधीच आणला जात नाही.